रानातल्या बॅटरीला कुठला सेल घालायचा? आधी व्होल्टेज समजून घ्या

आमच्याकडं कराड तालुक्यात टॉर्चला टॉर्च कुणी म्हणत नाही, बॅटरीच म्हणतात, आणि तिच्या पोटात जो असतो तो सेल. त्यामुळं दुकानात जाऊन बॅटरीची बॅटरी द्या म्हटलं की दुकानदार आधी तुमच्याकडं बघतो, मग हसतो. तर इथं पण मी तसंच लिहिणार, बॅटरी म्हणजे हातातली किंवा डोक्याला बांधायची, सेल म्हणजे आतला, आणि पाठीवरच्या फवारणी पंपात जी बसते ती पंपाची बॅटरी. तिचं शेवटी बघू.

नवीन माणसानं एवढ्या खोलात का जायचं, तर शेतीपंपाची लाईट आलटून पालटून रात्रीची असते, मग रात्री अकराला नाहीतर दोनला उठून मोटार सुरू करायची आणि उसात दारं धरायला जायचं. पाचटात घोणस असू शकते, आणि बिबट्याचं तर आता कुणाला नवलच राहिलं नाही, कराड, पाटण, शिराळा ह्या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की सरीत बछडी सापडल्याची बातमी ठरलेली. अशा ठिकाणी बॅटरी मध्येच गेली तर काय होतं ते मी बघितलंय. मी स्वस्तात ऑनलाईन दोन सेल मागवले होते, वर झोकात ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचा आकडा) छापलेलं, म्हटलं दोन रात्री बघायला नको. पहिल्याच रात्री तासाभरात अंधार, आणि बांधावरनं घरी मोबाईलच्या उजेडात, तो पण ६ टक्क्यांवर. दुसऱ्या दिवशी तो सेल किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला तर ३१ ग्रॅम भरला. चांगला १८६५० मापाचा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे आत माल कमी आणि वर आकडा जास्त, आणि हे कळायला मला काटा लागला, तुम्हाला लागू नये म्हणून हे सगळं.

स्टेप १: सेलच्या आधी मल्टीमीटर घ्या

कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, साधा घ्या, भारी घेऊन काही उपयोग नाही. गोल बटण डीसी २० व्होल्टवर आणायचं, लाल पिन सेलच्या टोकाला, काळी बुडाला, आणि आकडा वाचायचा. बास, एवढंच शिकायचंय, बाकीची बटणं वायरमनसाठी सोडा.

आता लिथियम सेलचे आकडे पाठ करून टाका. पूर्ण भरलेला ४.२ व्होल्ट. ३.७ च्या आसपास आला की निम्म्यापेक्षा जास्त संपला समजा, ३.५ म्हणजे आता घराकडं वळा, आणि ३ म्हणजे संपला. हा आकडा सेल बॅटरीतून काढून, थोडा वेळ तसाच ठेवून बघायचा, कारण चालू असताना व्होल्टेज दबलेलं असतं आणि बंद केल्यावर जरा वर येतं. सेलवर ३.६ किंवा ३.७ लिहिलेलं असतं ते सरासरीचं, ते बघून नवीन लोक म्हणतात माझ्या मीटरवर ४.१ येतंय म्हणजे चार्जरनं जास्त भरलं, तसं नसतं.

एखादा सेल बरेच दिवस पडून २ व्होल्टच्या खाली गेला असेल तर त्याला परत उठवायच्या भानगडीत पडू नका. आतलं तांबं विरघळून भलतीकडं जाऊन बसलेलं असतं आणि चार्जिंगला लावल्यावर आतल्या आत शॉर्ट व्हायची भीती असते. वायर लावून झटका देऊन जिवंत करायचे व्हिडिओ लय आहेत, ते करणाऱ्याला व्ह्यूज मिळतात, आपल्याला काय मिळणार.

स्टेप २: प्रकार ओळखा

आजोबांची तीन सेलची पत्र्याची बॅटरी आठवत असेल, त्यातले जाडे सेल झिंक कार्बनचे, एकेक दीड व्होल्टचा, तिन्ही मिळून साडेचार. उतरले की आजी ते पत्र्यावर उन्हात ठेवायची आणि परत थोडा वेळ चालायचे. ही सवय लिथियमला लावू नका, एवढं एक वाक्य जरी लक्षात राहिलं तरी चालेल. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला सेल म्हणजे स्वतःच्या हातानं खराब केलेला सेल.

रिमोटमध्ये बसतो त्या मापाचा चार्जिंगचा सेल म्हणजे निकेल मेटल हायड्राइड, १.२ व्होल्टचा. गरीब स्वभावाचा, आग वगैरे लागायची भीती जवळपास नाही, घरात पोरं हाताळत असतील तर हाच बरा. पण रात्रभर रानात जोरात उजेड पाहिजे असेल तर पुरत नाही.

मग आपला मेन खेळाडू, लिथियम आयन. १८६५० हा काही मॉडेल नंबर नाही, १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचं शून्य म्हणजे गोल. तसंच २१७०० म्हणजे २१ जाड आणि ७० लांब, त्यात ५००० एमएएचच्या आसपास माल बसतो, वजन ७० ग्रॅमच्या आसपास. सोनीनं १९९१ साली लिथियम आयन पहिल्यांदा बाजारात आणली आणि त्यामागच्या कामाला २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो ह्या तिघांना मिळालं. म्हणजे आपण कमरेला लावून फिरतो ती गोष्ट नोबेलवाली आहे, जरा मानानं वागवा.

ह्याच घरातला दुसरा भाऊ म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, त्याला एलएफपी म्हणतात. त्याचे आकडे वेगळे, सरासरी ३.२ आणि पूर्ण भरल्यावर ३.६५. जागा जास्त खातो, पण तापून पेट घ्यायला फार वेळ लावतो आणि हजार-दोन हजार वेळा चार्ज होतो. हातातल्या बॅटरीला नको, पंपाला मात्र एक नंबर. आणि हो, एलएफपी सेल ४.२ च्या चार्जरला लावायचा नाही, दिसायला दोन्ही सारखेच असतात, वरचं कव्हर वाचल्याशिवाय कळत नाही.

स्टेप ३: सेलवरचे दोन आकडे वाचा

एमएएच म्हणजे टाकीत पाणी किती, आणि अँपिअर म्हणजे तोटीतून एका वेळी किती येऊ शकतं. टाकी मोठी असली म्हणून तोटी मोठी असतेच असं नाही, उलट बऱ्याचदा टाकी मोठी केली की तोटी बारीक होते. सॅमसंगचा २५आर सेल २५०० एमएएचचाच आहे पण २० अँपिअर देतो, तोच ३०क्यू ३००० एमएएचचा आणि १५ अँपिअरचा. चांगल्या कंपन्यांचे १८६५० साधारण २००० ते ३६०० एमएएचमध्ये येतात, अगदी नवीन काही ४००० पर्यंत गेलेत. त्यावर जो आकडा सांगेल तो गंडवतोय, ९९०० वाल्याशी तर वादच घालू नका, दुसरं दुकान बघा.

यूट्यूबवर ह्या सेलबद्दल शोधायला गेलात की निम्मे व्हिडिओ वेपवाल्यांचे, म्हणजे ई-सिगारेट ओढणाऱ्यांचे निघतात. आपल्याकडं ई-सिगारेटवर २०१९ च्या कायद्यानं बंदी आहे, बनवणं, विकणं, बाहेरून आणणं, साठवणं, जाहिरात करणं सगळंच गुन्हा, आणि निकोटिन ओढायला मी कुणाला सांगणार पण नाही. पण सेल किती करंट सोसतो ह्याचा अभ्यास त्या लोकांनी जीव मुठीत धरून केलाय. त्यांच्यात मेकॅनिकल मॉड म्हणून एक नळी असते, सेल, बटण आणि कॉइल म्हणजे तापणारी तार, मध्ये दुसरं काहीच नाही. पाव ओहमची कॉइल लावली तर ४.२ भागिले ०.२५, जवळपास १७ अँपिअर, आणि आत १० अँपिअरचा सेल असेल तर तो तापतो, आणि अशी साधनं फुटून माणसं जखमी झालेली आहेत. दुसऱ्या प्रकारात मध्ये चिप असते, व्होल्टेज ठरवून देणारी किंवा वॅट ठरवून देणारी, आणि ती चिप सेल उतरत चालला तरी पुढं तेवढंच पोचवते. आपल्या बॅटरीत कॉइलच्या जागी एलईडी आहे, बाकी गणित तेच.

स्टेप ४: तुमची बॅटरी व्होल्टेज कसं सांभाळते ते बघा

इथं लोक लक्ष देत नाहीत आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं हेच. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. सेल देणार ४.२ पासून ३ पर्यंत, उतरत उतरत. मधला फरक कोण सांभाळणार, त्यावर तीन जाती पडतात.

स्वस्तातल्या बॅटरीत सेल आणि एलईडीमध्ये नुसता एक रेझिस्टर, कधी कधी तो पण नाही. सुरुवातीला झगझगीत, अर्ध्या तासात नेहमीसारखी, मग मंद, मग पिवळट वाटायला लागते. दुसऱ्या जातीत करंट धरून ठेवणारी बारीक चिप असते, ७१३५ नावाची फार चालते, एक चिप ३५० मिलिअँपिअर सोडते, जास्त पाहिजे तर शेजारी शेजारी आणखी लावतात. हिच्यात उजेड बराच वेळ एकसारखा राहतो आणि सेल ३ व्होल्टजवळ यायला लागला की हळूहळू कमी होतो, जादाचं व्होल्टेज मात्र उष्णता होऊन वाया जातं, म्हणून बॅटरीचं डोकं तापतं. तिसरी जात बूस्ट नाहीतर बक ड्रायव्हरची, कमी असेल तर वाढवून आणि जास्त असेल तर उतरवून घेते. शेवटच्या मिनिटापर्यंत एकसारखा उजेड, आणि मग खटकन अंधार.

परीक्षण करणारे सगळे तिसरीला मार्क देतात. मी देत नाही, निदान रानासाठी नाही. मोटारीपासून घर अर्धा किलोमीटर, दोन्ही बाजूला डोक्याएवढा ऊस, आणि बॅटरी न सांगता गेली तर त्या एकसारख्या उजेडाचं काय करायचं. घ्यायचीच असेल तर सेल उतरल्यावर लाल दिवा लागणारी किंवा दोन-तीन वेळा लुकलुक करून सांगणारी घ्या. मी स्वतः ७१३५ वाली वापरतो, ती मंद व्हायला लागली की मी पाण्याचं दार बदलून गप घरी येतो.

मंद मोड कसा केलाय ते पण बघा. बऱ्याच बॅटऱ्या मंद करायला एलईडी भराभर चालू-बंद करतात, त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. मोबाईलचा कॅमेरा त्या उजेडावर धरा, आडवे पट्टे सरकताना दिसले की समजा. वाईट नाही, पण पट्टे जाड असतील तर तासभर त्या उजेडात काम करून डोकं धरतं, हे आमच्या मेहुण्याचं म्हणणं आहे आणि मला पटतं.

स्टेप ५: एक सेल की दोन

ज्यानं दोन मोटारी लावल्यात त्याला हे एका मिनिटात कळेल. एका मोटारीनं उचललेलं पाणी पुढच्या मोटारीला दिलं तर पाणी जास्त उंच चढतं, हेड वाढतं, पाणी तेवढंच. ही सिरीज. दोन सेल एकापुढं एक, ३.७ चे झाले ७.४, एमएएच मात्र एकाचेच. आणि दोन मोटारी शेजारी शेजारी एकाच पाइपात सोडल्या तर उंची तेवढीच, पाणी जास्त. हे पॅरलल, व्होल्टेज ३.७ च आणि एमएएच दुप्पट.

सिरीजमध्ये एक नियम आहे, दोन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले आणि दोन्हीचं व्होल्टेज मीटरवर सारखं. एक जुना एक नवा घातला की जुना आधी संपतो, आणि नवा त्याच्यातून जबरदस्तीनं करंट ओढत राहतो, जुना पार शून्याच्या खाली उलटा जाऊ शकतो. माझ्या डोक्याच्या बॅटरीत मी घाईत असंच केलं होतं, मागचा डबा एवढा तापला की पट्टा काढून सरीतल्या चिखलात टाकला. आता सेलवर पर्मनंट मार्करनं अ-अ, ब-ब लिहून ठेवलंय, जोडी मोडायची नाही. पॅरललमध्ये वेगळाच धोका, एक ४.२ वर आणि दुसरा ३.२ वर असताना जोडले की भरलेला रिकाम्यात धाडकन ओततो. नवीन माणसानं सरळ एका सेलची, २१७०० ची बॅटरी घ्यावी आणि ह्या फंदात पडू नये.

प्रोटेक्टेड सेल म्हणजे बुडाला बारीक सर्किट बसवलेला, शॉर्ट झाला, जास्त भरला किंवा फार उतरला की तोडतो. त्यामुळं तो दोन-चार मिलिमीटर लांब होतो आणि काही बॅटरीत झाकणच लागत नाही, घ्यायच्या आधी घालून बघा. प्रोटेक्शन नसलेला सेल घेतला तर त्याला प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवायचं. १८६५० चं सगळं अंग निगेटिव्ह असतं, वरची कडसुद्धा, आणि ती कड आणि मधलं पॉझिटिव्ह टोक ह्यामध्ये वरून फक्त पातळ कव्हर आणि एक गोल कागदी चकती. खिशात किल्ल्या किंवा चिल्लरबरोबर टाकला आणि कव्हर फाटलं की शॉर्ट, आणि तो खिसा तुमच्याच मांडीवर असतो.

स्टेप ६: चार्जर

लिथियमचं चार्जिंग दोन टप्प्यात होतं, आधी ठरलेला करंट ढकलायचा, ४.२ ला पोचलं की व्होल्टेज तिथंच धरून करंट कमी कमी करत न्यायचा आणि शेवटी तोडायचा. यूएसबीवर चालणारा साधा एक-दोन खाचांचा चार्जर हे करतो. घरी जुगाड करणारे टीपी४०५६ नावाचं बारकं बोर्ड वापरतात, ते पण ४.२ लाच थांबतं, १ अँपिअरनं भरतं, फक्त जोडताना लाल-काळी उलटी करू नका. नवीन चार्जर आणला की पहिल्या वेळी सेल भरल्यावर मीटर लावा. ४.१५ ते ४.२२ आलं तर ठीक. ४.२५ च्या वर गेलं तर चार्जर परत करा, पैसे मिळोत न मिळोत. रात्री उशाशी किंवा गादीवर लावून झोपायचं नाही, फरशीवर लावा, कडब्याजवळ तर नाहीच. आणि महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठावर दवबिंदू गोठतात तशा थंडीत राहत असाल तर सेल घरात आणून गरम होऊ द्या मग चार्ज करा, शून्याच्या खाली चार्ज केला की आत लिथियमचा थर बसतो. आपल्या कराड-सांगलीकडं तो प्रश्न नाही.

आता पंपाची बॅटरी

१६ लिटरच्या पाठीवरच्या पंपात बहुतेक १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची (एक अँपिअर-तास म्हणजे १००० एमएएच) लेडची, म्हणजे शिशाची बॅटरी येते. वजन अडीच किलोच्या आसपास, म्हणजे औषध भरलेल्या टाकीवर आणखी तेवढं, सोयाबीनात दहा पंप मारून बघा म्हणजे कळेल. लेडला रिकामं ठेवलेलं चालत नाही, फवारणी संपली, पंप छपरात गेला, आणि पुढच्या हंगामात काढला की बॅटरी मेलेली, कारण आत सल्फेटचा थर धरतो. मीटरवर विश्रांतीत १२.७ म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे लगेच चार्जिंगला लावा. महिन्यातून एकदा लावत राहिलात तर दोन-तीन वर्षं ओढते.

ती गेल्यावर लोक लिथियमचा पॅक घालतात, आणि तिथंच मोठी चूक होते. नेहमीचे तीन सेल सिरीजमध्ये लावले की ११.१ व्होल्टचा पॅक होतो, पूर्ण भरल्यावर १२.६. त्याला पंपाचा जुना लेडचा चार्जर लावला, जो १४ च्या आसपास देतो, तर एकेका सेलच्या वाट्याला ४.६ पेक्षा जास्त येतात. आतला बीएमएस, म्हणजे पॅकमधले सेल सांभाळणारं सर्किट, चांगला असेल तर तोडेल, नसेल किंवा बिघडला असेल तर पॅक फुगेल नाहीतर पेटेल. त्यापेक्षा एलएफपीचे चार सेल घ्या, सरासरी १२.८, पूर्ण भरल्यावर १४.६, हे आकडे लेडच्या जवळचे असल्यामुळं पंपाची मोटार नीट चालते. ३२७०० मापाचे ६००० एमएएचचे चार सेल मिळून पाऊण किलोच्या आत बसतात. कागदावर ८ च्या जागी ६ अँपिअर-तास दिसतात, पण लेड तुम्ही अर्ध्याच्या खाली नेलीत की लवकर मरते आणि एलएफपी जवळपास सगळी वापरता येते, त्यामुळं रानात हीच जास्त पंप मारते. चार सेलचा बीएमएस आणि एलएफपीचाच १४.६ चा चार्जर, ह्या दोन गोष्टींत पैसे वाचवू नका, आणि सेलला सोल्डरिंग इस्त्री लावून पॅक बनवू नका, उष्णतेनं आतलं सील जातं, पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनं लावणाऱ्याकडूनच करून घ्या.

जपणूक

हंगाम नसताना सेल ३.७-३.८ वर आणून, बॅटरीतून काढून, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. पूर्ण भरून ठेवलेला सेल लवकर म्हातारा होतो. पण पावसाळ्यात मी उलटं करतो, जुलै-ऑगस्टला एक जोडी पूर्ण भरूनच ठेवतो. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा आमच्या पाव्हण्यांकडं कितीतरी दिवस लाईट नव्हती, सेलचं आयुष्य थोडं कमी झालं तरी चालेल.

पाण्यात बुडालेला, फुगलेला, कव्हर फाटून गोड-उग्र वास येणारा सेल वापरायचा नाही. धूर यायला लागला तर तोंडाजवळ नेऊन बघू नका, धूर विषारी असतो, जमलं तर फावड्यानं अंगणात मोकळ्यावर ढकला आणि लांबून भरपूर पाणी मारा. मेलेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून डबीत साठवा. घंटागाडीत टाकलात तर गाडीत दाबला जाऊन तिथं पेटेल, चुलीत किंवा पाचट पेटवताना त्यात तर मुळीच नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे, त्यामुळं नवीन घेताना दुकानदाराला जुना घेतोस का ते आधी विचारा. पंपाची लेडची बॅटरी तर भंगारवाला वजनावर पैसे देऊन नेतो, तिला फुकट देऊ नका.